टकर हॉलिस आडवा का पडतो?

टेक्सासात डिटेक्टिव्ह पुष्कळ आहेत, पण ज्याच्या नुसत्या येण्यानं खोली रिकामी व्हायची असा मी एकटाच. मी व्हर्जिल प्रुइट. साक्षीदार माझ्याशी चार हात लांबून बोलायचे, मध्येच डोळे पुसायचे. याला दरारा म्हणतात. शेरिफच्या मेव्हणीची बकरी सापडली तेव्हा अंगात होता तो कोट मी त्यानंतर कधी धुतला नव्हता. यश पाण्यात घालू नये. गुन्ह्याचा वास मला मैलावरून येतो. फक्त डिसेंबरात सीडरच्या झाडांच्या परागांनी नाक चोंदतं, तेव्हा मी बुद्धीवर भागवतो.

अशाच एका डिसेंबरात डार्लीन हॉलिसनं मला बोलावलं. तिचा टकर शाळेच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याला राखायला पुढे पाच धिप्पाड पोरं. संघ एकही सामना हरला नव्हता, पण हल्ली टकर फेकण्याआधीच विरोधकांच्या धडकेनं आडवा व्हायचा. मागचा सामना तर रडतखडत निघाला. शुक्रवारी विद्यापीठाचा माणूस येणार होता. त्याला टकर आवडला तर शिक्षण फुकट, नाही तर मामाचं टायरचं दुकान.

"गावात दोन तट पडलेत," खिडकी उघडत डार्लीन म्हणाली. "अर्धे म्हणतात, पोरात दम नाही, त्या पाचांनीच आजवर तारलं. अर्धे म्हणतात, पोरगा हिरा आहे, ते पाचच ढिले पडलेत. व्हर्जिल, पोरगा धड जेवत नाही रे."

"गुण की संगत?" मी म्हणालो. "शुक्रवारच्या आत सांगतो."

माझी बायको ओपल मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेली. गाडी तीच चालवायची, भर थंडीतही काचा खाली करून.

मैदानावर मी लगेच ताडलं. शिटी वाजली की पाचही रक्षक टकरपासून दूर सरकत होते.

"फितुरी," मी म्हणालो. "पलीकडच्या गावानं बार्बेक्यू खाऊ घालून फोडलंय."

"परवा ते टकरकडेच जेवले," ओपल म्हणाली. "अंगणात. घरात एकही शिरला नाही."

"मग मैदानाला उतार आहे." मी गवतावर गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. म्हणजे मैदानही कटात सामील होतं.

ओपल तोवर बूनपाशी गेली होती. पाचांतला सगळ्यात आडदांड तो.

"बून, काय झालंय?"

"बोलायचं नसतं, मिस ओपल. जिंकत असताना बोललं की नजर लागते."

"मग नुसती मान हलव. वास ना?"

बूनचे डोळे भरून आले. त्यानं मान हलवली.

पहिल्या विजयाच्या दिवशी घातलेला टी-शर्ट टकर अजून खेळाच्या चिलखताच्या आत घालत होता. ऑगस्टपासून. जिंकते कपडे कुणी धुवत नाही.

"पण मग विरोधकांना वास येत नाही?" मी उलटतपासणी घेतली.

"ते येतात, पाडतात आणि पळतात, सर. आम्हाला तिथं उभं राहायचं असतं."

ओपलनं धुवायला मागताच टकरनं अंगातला टी-शर्ट छातीशी धरला. "धुतला आणि हरलो तर?"

"फेकतोस तू, बाळा. टी-शर्ट नाही."

"आणि मला येतच नसेल तर? मग माझ्याकडे एवढाच आहे, मिस ओपल."

मी माझा कोट घट्ट ओढून घेतला. शेवटी बून म्हणाला, "देऊन टाक रे. मग तुला कुणी हात लावून दाखवू दे."

टकरनं दिला.

शुक्रवारी ते पाचजण टकरला खेटून उभे राहिले आणि त्यानं चेंडू हवे तिथे पोचवले. विद्यापीठाच्या माणसानं त्याला घेतलं. मी त्या माणसाला गाठून विचारलं, "गुण की संगत?" दोन पावलं मागे सरत तो म्हणाला, "आधी जरा हवा येऊ द्या."

घरी आल्यावर ओपलनं हात पुढे केला. "व्हर्जिल, कोट."

"ओपल, बकरीची केस—"

"बकरी आपल्या पायांनी परत आली होती."

आत कपडे धुण्याचं यंत्र फिरू लागलं आणि मी नुसत्या शर्टावर ओसरीत येऊन बसलो. एवढ्यात शेजारचा एल्रॉय आला. गेली कित्येक वर्षं तो कुंपणापलीकडूनच बोलतो. आज थोडा घुटमळला, मग पायऱ्या चढून माझ्याच बाकावर बसला, अगदी खांद्याला खांदा लावून.

दरारा संपला होता. मला फार बरं वाटलं.