खैरटोल्याचा परतीचा आहेर

"मामाजीले असा कागद लिवून देतो, का अमेरिकेच्या वकिलालेई त्यात बोट घालाले जागा सापडनार नाई," असं अमरने बायकोला सांगितलं, तेव्हा तो सासुरवाडीच्या ओसरीवर तिसरा चहा पीत होता. साधना हरभऱ्याची भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. नवऱ्याचे बेत तिला चार वर्षांपासून ठाऊक होते.

अमरचा वरोऱ्याला कॉम्प्युटर क्लास होता आणि त्यात तो सर होता. खैरटोल्यात मात्र तो फक्त जवाई होता. सासरे दादाजी गावच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. जवाई आला की त्याला खुर्ची मिळे, चहा मिळे, जेवणात रोहूचं डोकं त्याच्याच ताटात पडे. मान भरपूर होता, पण चार वर्षांत दादाजींनी त्याला साधं "तुमाले काय वाटते?" असं विचारलं नव्हतं. अमरला ते फार लागायचं. तेवढा एक प्रश्न ऐकण्यासाठी त्याने गेल्या दिवाळीला क्लासमधला जुना कॉम्प्युटर संस्थेला देऊन टाकला आणि तलावाच्या कोणत्या घाटावर कोणत्या दिवशी कोणाच्या जाळ्याची पाळी, हे सांगणारा प्रोग्राम स्वतः लिहून त्यावर चढवला.

प्रोग्राम लिनक्सवर चालायचा. लिनक्स म्हणजे उघडं सॉफ्टवेअर. करणाऱ्यांनी आतली सगळी कृती जगापुढे मांडलेली, कोणीही घ्यावी, सुधारावी, पुढे द्यावी. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग नागपूरचा एक विक्रेता स्वतःचं सॉफ्टवेअर खपवायला आला आणि जाताना दादाजींच्या कानात सांगून गेला, की या फुकटच्या मालात दुसऱ्यांची पेटंटं दडलेली असतात, एक दिवस अमेरिकेहून नोटीस येईल आणि ती अध्यक्षाच्या नावाने येईल. दादाजींनी त्याच दुपारी वायर काढली आणि कॉम्प्युटरवर फाटकं जाळं टाकून ठेवलं.

आणि २००५ सालच्या जानेवारीत पेपरात बातमी आली. एका बड्या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं होतं, की आपल्या पाचशे पेटंटांबाबत उघडं सॉफ्टवेअर करणाऱ्या कोणावरही आपण खटला भरणार नाही. अमरने कात्रण खिशात घातलं आणि पहिली एसटी पकडली.

संध्याकाळी संस्थेची सभा भरली. अमर उभा राहिला.

"पेटंट म्हंजे आपल्या तलावाच्या ठेक्यासारखं असते," तो म्हणाला. "ठेका आपला, तं दुसऱ्यानं जाळं टाकलं का आपुन तक्रार करतो. या कंपनीजवळ असे ठेके हायेत. ते म्हनते, आमच्या पाचशे तलावात या, मासोळ्या धरा, आमी तक्रार करनार नाई. शर्त एकच, तुमचं काम सगळ्यांसाठी उघडं पायजे."

मागून रंभाबाई बोलली. रंभाबाई साठीची होती, आणि गावातला एकही ठराव तिने विचारपूस केल्याशिवाय पास होऊ दिला नव्हता.

"त्याहीच्या जवळ सारे मिळून तलाव किती?"

"चाळीसेक हजार अस्तिन."

"त्यातले पाचशे देल्ले. त्या पाचशात मासोळी हाये का, का नुसता गाळ हाये?"

अमरने ती पेटंटं पाहिलेली नव्हती. "कंपनी मोठी हाये, बाई," तो म्हणाला.

"मोठी अशीन. पन आमी पानी पाह्यल्याबिगर जाळं टाकत नाई."

तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण दादाजींचे डोळे भरून आले होते. गेले दोन आठवडे तो माणूस पोस्टमन दिसला की मागच्या दाराने शेतावर जात होता. आता अमेरिकेतून, न मागता, न भेटता, कोणीतरी त्याला अभय दिलं होतं.

"येवढ्या मोठ्या मानसानं आपल्याले आहेर केला," दादाजी म्हणाले. "आता आपल्यालेई फेडा लागंन."

इथे गाडी रुळावरून घसरली. खैरटोल्यात कोणाच्या लग्नात आलेलं पातळ वर्षानुवर्षं लक्षात ठेवून परत केलं जातं. आहेर घेऊन गप्प बसणारं घर गावात नव्हतं. हमी वेगळी आणि आहेर वेगळा, हे अमरला कळत होतं. पण तेवढ्यात दादाजी त्याच्याकडे वळले आणि चार वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "जवाईबापू, तुमाले काय वाटते?"

या प्रश्नापुढे अमरची अक्कल विरघळली. आपणही तशीच हमी द्यावी, असं त्याला वाटलं. किमान तसं तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरचं जाळं निघालं आणि ओसरीवरचा तिसरा चहा संपवून अमरने कंपनीच्या धर्तीवर मसुदा टाइप केला. जे गाव आपला तलाव सर्वांना उघडा ठेवील, त्या गावच्या लोकांनी खैरटोल्याच्या तलावात मासेमारी केल्यास संस्था तक्रार करणार नाही. ही हमी परत घेता येणार नाही. कंपनीच्या कागदात आणखी एक कलम होतं, की जो स्वतःच उघड्या सॉफ्टवेअरवर खटला भरील त्याला ही हमी लागू राहणार नाही. ते अमरने गाळलं. आहेरासोबत भांडणाची भाषा त्याला बरी वाटली नाही. कंपनीने पाचशे पेटंटांची नंबरवार यादीही जोडली होती. खैरटोल्याला यादीची गरज पडली नाही, त्यांच्याकडे तलाव एकच होता.

आपला तलाव उघडा टाकणारं गाव पंचक्रोशीत कुठलं सापडायला, असा अमरचा हिशेब होता. त्याने कागद संस्थेच्या दारावर डकवला आणि एक प्रत चंद्रपूरच्या पेपराला धाडली. पेपराने ती छापली. दादाजींनी बातमी कापून देवघरात ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी पलीकडच्या पिपरटोल्याची चाळीस माणसं जाळी घेऊन खैरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभी राहिली. पुढे त्यांचे अध्यक्ष भैयाजी, धुतलेला सदरा घालून, हातात शिक्क्याचा कागद घेऊन.

"राम राम, दादाजीभाऊ. आमी ठराव घेतला. आमचा तलाव आजपासून साऱ्यांसाठी उघडा. त्यात जे गवसंन ते ज्यानं त्यानं न्यावं. आता तुमच्या शर्तीत आमी बसून राह्यलो."

दादाजी पुढे आले. "भैयाजी, तुमच्या तलावाची पाळ फुटून दोन सालं झाली. त्यात पानीच नाई."

"कागदात पान्याचं काई लिवलंय का?"

सगळ्यांनी अमरकडे पाहिलं. अमरने कागद वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. पाण्याचा शब्द कुठेच नव्हता. भैयाजींनी चपला काढल्या आणि ते पाण्यात उतरले.

दोन पावसाळ्यांपूर्वी सोडलेलं बीज होतं ते. रोहू आणि कटला हातभर झाले होते. होळीआधी काढायचे आणि सगळ्या घरांत वाटायचे, असं ठरलं होतं. पिपरटोल्याने दुपारपर्यंत सात टोपले भरले. खैरटोल्याची माणसं पाळीवर ओळीने बसून बघत होती आणि मध्येच कोणी सवयीने "जाळं डाव्या बाजूनं वढ" असं सांगत होता.

"आता काय करा?" दादाजींनी विचारलं. पण ते जवाईला नव्हे, आभाळाला विचारत होते. हमी मोडावी असं एकदोघे म्हणाले. दादाजी तयार होईनात. दिलेला आहेर परत मागणारा अध्यक्ष म्हणून त्यांना मरायचं नव्हतं. अमरला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. तो घरी गेला, तर सासूने नेहमीसारखीच खुर्ची दिली आणि चहा दिला. शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पिपरटोला पुन्हा आला. खैरटोल्याच्या बायका मात्र पाळीवर दिसल्या नाहीत. रंभाबाई त्यांना घेऊन सकाळीच पाणी पाहायला गेली होती, पिपरटोल्याच्या तलावातलं.

पाणी तर नव्हतंच. पण तलावाच्या पोटातल्या काळ्या गाळात भैयाजींनी स्वतः हरभरा पेरला होता आणि तो घाट्यांनी लगडला होता. बायकांनी भैयाजींच्या ठरावातलं वाक्य एकमेकींना म्हणून दाखवलं. जे गवसंन ते ज्यानं त्यानं न्यावं. दुपारपर्यंत त्यांनी अर्धा तलाव उपटला.

भैयाजी भिजल्या धोतराने धावत संस्थेत आले. "माहा हरभरा नेऊन राह्यल्या तुमच्या बाया. मी पोलिसात जातो."

अमर ताडकन उठला. इतक्या दिवसांनी त्याला आपली वेळ आल्यासारखी वाटली. "जा ना, भैयाजीभाऊ," तो म्हणाला. "पन जो तक्रार करंन त्याची हमी रद्द. तसं कलम हाये. तुमी ठान्यात पाय ठेवला, का आमचा तलाव तुमाले बंद."

"कुठी हाये कलम? दाखवा."

अमरने दारावरचा कागद काढला. पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं. मग त्याला आठवलं, की ते कलम कंपनीच्या कागदात होतं. खैरटोल्याच्या कागदातून ते एका सभ्य माणसाने गाळलं होतं.

"जवाईबापू, ते तुमी काऊन गाळलं?" दादाजींनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला.

"बरं नाई दिसलं, मामाजी."

इतक्यात रंभाबाई डोक्यावर हरभऱ्याचा भारा घेऊन दारात आली. तिने भारा खाली टाकला, पदराने घाम पुसला आणि भैयाजींना विचारलं, "उद्या उरलेला अर्धा नेतो. तुमी मासोळ्या किती दिवस नेता?"

भैयाजी खाली बसले. दादाजींनी त्यांना पाणी दिलं. मग दोघे अध्यक्ष तडजोडीला बसले. मासोळ्या गेल्या त्या गेल्या, हरभरा गेला तो गेला. उद्यापासून तुमचा तलाव तुमचा, आमचा आमचा, असं ठरलं. फक्त या वेळी ते नीट लिहून ठेवायचं ठरलं.

अमरने खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली. आपली चूक आपल्याच हाताने निस्तरायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

दादाजींनी अलगद त्याच्या हातातला पेन काढून घेतला. "नाई, जवाईबापू," ते अत्यंत आदराने म्हणाले. "तुमी पाहुने आहा. तुमी कायले तरास घेता? तुमी निवांत बसा."

मग त्यांनी पेन भैयाजींना दिला, आणि रंभाबाई मजकूर सांगू लागली.