तिसऱ्या चित्राला तिसरा आवाज

सभागृहात खुर्च्या एकशे चार होत्या. त्यांपैकी तीन, पाय मोडल्यामुळे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पंखे सहा, फिरणारे चार. पडदा एक, त्याच्या डाव्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग एक. प्रेक्षक त्र्याऐंशी, माहितीपट सहा आणि मावशी एक. ती तिसऱ्या रांगेत कडेला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, दाताच्या डॉक्टरकडे बसावे तशी बसली होती.

मावशीचे इस्त्रीचे दुकान होते आणि सहावा माहितीपट तिच्यावर होता. तो केला होता तिच्या भाच्याने. आई गेल्यावर त्याला मावशीनेच वाढवले. आता तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. दोघांचे एकमेकांशी बोलणे म्हणजे "जेवलास का?" आणि "जेवलो." यापलीकडे त्यांची गाडी कधी गेली नाही. म्हणून भाच्याने माहितीपटाच्या शेवटी स्वतःच्या आवाजात चार वाक्ये घातली होती. तोंडावर ती म्हणायची तर त्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. पडद्याने म्हटली की काम झाले, असा त्याचा हिशेब.

माहितीपटांच्या या छोट्या महोत्सवात चित्र लावायचे कामही त्याच्याकडेच आले होते. त्याचा लॅपटॉप मंचापाशी होता. स्पीकरची वायर मात्र मागच्या कोपऱ्यातून पुढे पोचत नव्हती. तेव्हा तोड निघाली ती अशी: चित्र भाच्याने लावायचे, आवाज मागे बसलेल्या आवाजवाल्याने त्याच्या यंत्रावरून सोडायचा. भाच्याने हात वर करून खाली आणला की दोघांनी एकदम बटण दाबायचे. पहिले दोन माहितीपट असे बिनबोभाट पार पडले.

मग मावशीने त्याला खुणेने बोलावले.

"तुझं केव्हा आहे रे?"

"शेवटी. सहावं."

"मग मला उठव बरं का. पहाटेची उठलेय मी. घोरले तर तुझीच शोभा."

भाचा तसाच लॅपटॉपकडे गेला आणि त्याने मावशीचा माहितीपट सहाव्यावरून तिसरा केला. फार तर दोन सेकंदांचे काम. ते आवाजवाल्याला सांगायलाही दोनच सेकंद लागले असते. भाच्याने हात वर केला आणि खाली आणला.

पडद्यावर मावशी आली. पांढरा शर्ट टेबलावर पसरून तिने इस्त्री उचलली आणि एक गंभीर पुरुषी आवाज सभागृहात घुमला. "हा प्राणी ओलसर, अंधाऱ्या जागी राहतो. अंग मऊ असले तरी स्वभाव चिवट असतो."

कुणीतरी फिस्सकन हसले. तिसरा माहितीपट मुळात गोगलगायींवर होता.

"हिची चाल अत्यंत मंद असते," आवाज म्हणाला. मावशी बाहीवरून इस्त्री फिरवत होती. "हिला हजारो दात असतात." मावशी कॅमेऱ्याकडे पाहून हसली. "एकदा बागेत शिरली की हिला हटवणे कठीण. मीठ टाकणे हा क्रूर, पण प्रचलित उपाय आहे."

सभागृहात हशा उसळला. भाचा धावत मागे गेला.

"अरे, बंद कर. चुकीचा आवाज लागलाय."

"चुकीचा कसा?" आवाजवाला शांतपणे म्हणाला. "तिसऱ्या चित्राला तिसरा आवाज. तुमचंच ठरलंय. मी कशाला मनाचं करू?"

त्याच्याशी वाद घालून भाचा वळला, तेव्हा कडेची खुर्ची रिकामी होती. त्याने सगळे तसेच टाकले आणि बाहेर धाव घेतली.

मावशी कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत पोचली होती.

"थांब ना. आवाजांची अदलाबदल झाली. माझीच चूक."

"कळलं मला ते. मी गोगलगाय नाही एवढं मला कळतं."

"मग निघालीस कशाला?"

"जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली. आज स्वतःच्या केली होती." तिने बाही झटकली. "जाऊ दे. लोक हसले तर हसले. तुझं खरं बोलणं काय होतं त्यात?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मावशी वाट बघत होती. ती चार वाक्ये भाच्याला तोंडपाठ होती. कित्येकदा सराव करून त्याने ती भरली होती. त्याने घसा साफ केला.

"असंच," तो म्हणाला. "इस्त्रीची माहिती. तापमान वगैरे."

"हं. तापमान." मावशीने मान हलवली. "जा तू. काम टाकून आलायस. पोळी झाकून ठेवते."

मावशी गेल्यावर बराच वेळ दिव्याखाली रेंगाळून भाचा परतला, तोवर बटणांचा ताबा महोत्सवाच्या अध्यक्षबाईंनी घेतला होता. हा नव्या धर्तीचा प्रयोग आहे, असे त्यांनी लोकांना सांगून टाकले होते. गोगलगायींवर चौथ्या माहितीपटातल्या मुष्टियुद्धाच्या प्रशिक्षकाने "हनुवटी खाली, मार पुढे" असा ओरडा केला होता. गोगलगायींचा माहितीपट करणारी मुलगी खुलासा करायला उभी राहिली, तर "बसा हो, दिसत नाही" म्हणून मागच्यांनी तिला खाली बसवले होते.

आता शेवटचा चालू होता. पडद्यावर निवृत्त क्रेनचालक आजोबा उंच केबिनमध्ये डबा खात होते आणि भाच्याचा आवाज कापत कापत म्हणत होता, "माझे शाळेचे कपडे तू गिऱ्हाइकांच्या आधी करायचीस. मी कधी काही बोललो नाही. आज बोलतो. माझी आई तूच आहेस."

कुणी हसले नाही. पहिल्या रांगेत तेच आजोबा हमसून हमसून रडत होते. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, चाळिशीचा, घुम्या. आजोबांवरचा माहितीपट त्यानेच केला होता.

"कधी बोलला नाहीस रे," आजोबा त्याला म्हणाले.

मुलाने पडद्याकडे पाहिले, बापाकडे पाहिले. हा आपला आवाज नाही, हे सांगण्यात त्या घडीला काही अर्थ नव्हता. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. निघताना आजोबा भाच्यापाशी थांबून म्हणाले, "ते आई कशाला म्हणाला ते समजलं नाही. पण पोचलं बघ." भाच्याने मान डोलावली.

सकाळी दुकान उघडण्याआधी त्याने लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. खरा आवाज जोडलेला माहितीपट लावला, आवाज ऐंशीवर नेला आणि "दूध आणतो" म्हणून सटकला. पिशवी हातात घेऊन तो कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दाराशी उभे राहून ऐकायचा धीर काही झाला नाही.

तो आत आला तेव्हा मावशी इस्त्रीवर पाणी शिंपडून ती तापली का ते बघत होती.

"पाहिलंस?"

"पाहिलं. सगळं पाहिलं. शर्ट काय पांढरा दिसतो रे त्यात."

"आणि बोलणं?"

"बोलणंही छान आहे," मावशी म्हणाली. "अगदी स्पष्ट. जेवलास का रात्री?"

"जेवलो."

तिने पहिला शर्ट ओढून घेतला. भाच्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. माहितीपट शेवटपर्यंत चालून थांबला होता. त्याने ऐंशीवर नेलेली आवाजाची पट्टी शून्यावर होती.