कुठलं चोवीस?

औषधाच्या दुकानात लोक किंमत विचारतात, फार तर पाकिटावरची मुदत बघतात. आमचे सेतुमामा मुदत बघतात आणि वर विचारतात, "सव्वीस सालापर्यंत, बरें. पण शतक कुठलें?" हे अर्थात तमिळमध्ये. दुकानदार रोज पापनाशमहून येणारा शांत माणूस आहे. "हेच शतक, सार," म्हणतो आणि गोळ्या पिशवीत घालतो.

सेतुमाधवराव म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. कुंभकोणममध्ये आमची भिंत नि त्यांची भिंत एकच. मी कोल्हापूरची. लग्न होऊन आले त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुझा जन्म कधींचा?" मी म्हटलं, "ब्याण्णवचा." तर म्हणे, "अठराशें कीं एकोणीसशें?" अंगावर नवी साडी, समोर सासरचं गणगोत. मी म्हटलं, "तुम्हीच बघून सांगा." त्यांनी खरंच निरखून बघितलं. "एकोणीसशें असावें. पण मज अंदाज चालत नाहीं." पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या इथल्या मराठी घरांत अजून 'मज' नि 'तुज' रोज वापरतात. आमच्याकडे ते फक्त भजनात. मनात म्हटलं, कुठे येऊन पडले मी.

या खुळाचं मूळ त्यांच्या परसातल्या विहिरीत आहे. मामांच्या आजोबांनी रोज सकाळी तिचं पाणी मोजायला सुरुवात केली, मग वडिलांनी मोजलं, आता मामा मोजतात. नाचियार्कोविलच्या दिवे घडवणाऱ्याकडून ओतून घेतलेलं पितळी वजन, त्याला दोरी, दोरीला फुटाफुटावर गाठ. काठापासून पाणी किती खाली, ते वहीत. तोवर कॉफी नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी विहीर आणि मग मुंडावळ्या.

तिघांनीही साल दोनच आकडी लिहिलं. आजोबांचं चोवीस आणि मामांचं चोवीस, दोघांत शंभर वर्षं. पण घराणं पक्कं. सालापुढे संवत्सराचं नाव लिहायचं, पूजेच्या संकल्पात गुरुजी पुटपुटतात ते. नावं साठ, साठ वर्षांनी तीच परत. आजोबांच्या चोवीसपुढे रक्ताक्षी, मामांच्या चोवीसपुढे क्रोधी. "चोवीस शंभर वर्षांनीं फिरून येतें, क्रोधी साठ वर्षांनीं," मामा सांगतात. "दोघें जोडीनें येतील तीनशें वर्षांनीं. आपण ह्या मुलखांत येऊन साधारण तितकींच झालीं. पुढल्यांनीं पुढलें पाहावें." मग लोणच्याच्या बरणीवर संवत्सर, विजेच्या बल्बवर संवत्सर, मला वाढदिवसाला दिलेल्या छत्रीच्या दांड्यावरही संवत्सर.

या घरात हे न मानणारं एकच माणूस होतं, तुळसामामी. क्रोधी संवत्सरात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे विहीर मामींनी मोजली. त्या नुसतं '२४' लिहायच्या. मामा खाटेवरून ओरडायचे, "संवत्सर! शतक कळावें कसें?" मामी म्हणायच्या, "मी कुठल्या शतकांत आहें तें मज ठाऊक आहे. तुम्ही गप पडा." त्याच्या पुढच्या वर्षी मामी गेल्या. तेराही दिवस मामांनी पाणी मोजलं. चौदाव्या दिवशी मी म्हटलं, मामा, एक दिवस राहू द्या. तर म्हणाले, "आणिक काय करूं गे?"

यंदा एका कॉलेजचे भूजलाचा अभ्यास करणारे प्राध्यापक आले. वह्या बघून ते हरखले. कॉम्प्युटरवर चढवून द्या, म्हणाले, पण प्रत्येक ओळीचं साल निर्विवाद हवं, नाहीतर उपयोग नाही. मामांना मूलबाळ नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात उभे. "तूं आकड्यांचें काम करतेस. हें जर झालें नाहीं, तर माझ्यामागें ह्या वह्या सुंडलच्या पुड्या बांधायला जातील." उकडलेल्या चण्यांच्या पुडीत तीन पिढ्यांचं पाणी! मी हो म्हटलं.

तीन महिने दुपारी बसून टाइप केलं. शेऱ्यासकट, जसंच्या तसं. पहिल्या फेरीत कॉम्प्युटरने आजोबांना सरळ भविष्यात नेऊन बसवलं. मामांनी आलेख बघितला. "सत्तेचाळीस सालीं पाणी काठाला? छान. मी असेन कां, तेंही विचार त्यास." मी कपाळावर हात मारला आणि संवत्सरांचं कोष्टक घातलं. साल नि संवत्सर जुळेल ते शतक धर. आजोबांच्या काही ओळी कसरीने खाल्ल्या होत्या, म्हणून सांगितलं, संवत्सर दिसलंच नाही तर जुनं शतक धर. आता सगळं चोख बसलं. छापून मामांना दिलं.

मामा अंगणात बसून एकेक ओळ बोटाने तपासत होते. बोट एकदम थांबलं. एकोणीसशे चोवीसच्या ऑक्टोबरात एकेका दिवसाला दोन दोन आकडे. एक आजोबांचा. दुसऱ्यापुढे शेरा, 'आज ह्यांनी दोन इडल्या खाल्ल्या.' खाली, 'गुडघा वाकला. रागावले, म्हणजे बरे आहेत.'

मी कागदात डोकावले. "मामा, चुकलं माझं. मामींच्या ओळींना संवत्सर नाही, म्हणून त्या मागे गेल्या. आत्ता दुरुस्त करते."

मी वाट बघत होते, आता ऐकावं लागणार. मामांनी त्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग चष्मा काढून म्हणाले, "एकोणीसशें चोवीस. म्हणजे ती अजून जन्मायची आहे."

"हो, पण..."

"मग गेली कुठें? यायची आहे अजून." त्यांनी कागदाची घडी घातली. "राहूं दे तसेंच."

"एका दिवसाला दोन आकडे होतील मामा."

"होऊं देत. आमचा आजा भला माणूस होता. वहींत तिला जागा देईल."

कॉलेजला पाठवलेल्या प्रतीत मी साल दुरुस्त केलं, ते त्यांनी मुकाट्याने बघितलं. घरच्या प्रतीला मात्र हात लावू दिला नाही. परवा सकाळी मी कॉफी घेऊन गेले, तर मामा काठाशी वही धरून बसले होते. पाणी सात फूट. त्याखाली ताजी शाई होती, 'इडली एकच खाल्ली. तुळसास कळवणें.' पुढे साल नव्हतं, संवत्सरही नव्हतं.

मी विचारलं नाही, शतक कुठलं.