कोल्ह्यासाठी मांडव

भिकाजींनी बोचकं सोडलं आणि खडकावर लाल-पिवळं कापड पसरत गेलं. कडेला हिरवी झालर होती. मधोमध दोन मोर चोचीला चोच लावून उभे होते.

"हा तंबू?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"कापड आहे, बांबू आहेत, दोऱ्या आहेत. तंबूला आणखी काय लागतं, बाई?"

"मी खाकी सांगितला होता."

"खाकी कुठे मिळतो? भांडुपला मावसभावाचं मांडवाचं दुकान आहे. लग्नसराई असूनही त्याने दिलं, हेच खूप."

रत्नप्रभाबाई मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी काढलेल्या निसर्ग मंडळात आता चौघंच उरले होते: त्या स्वतः, भिकाजी, त्यांची बायको प्रेमा आणि अध्यक्ष सुंदराबाई. पहिल्या सहलीत मंडळाला कावळे दिसले होते, दुसऱ्या सहलीत म्हशी. तेव्हा सुंदराबाईंनी बजावलं होतं, "गोराईला कोल्हा दिसला नाही, तर पुढची सहल टिटवाळ्याला. तिथला देव निदान जागेवर तरी असतो." एकदा टिटवाळा झाला की पाठोपाठ आळंदी आणि शिर्डी येणार आणि मंडळ पुन्हा कधी खाडीतल्या तिवरांच्या जंगलाकडे फिरकणार नाही, हे रत्नप्रभाबाईंना दिसत होतं.

म्हणून त्यांनी या वेळी कडक नियम केले होते. भडक कपडे नकोत, चूल नको, वास नको, आवाज तर नकोच. प्रेमाने लसणाशिवाय दशम्या केल्या होत्या आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटावर रुमाल गुंडाळला होता. बोरिवलीहून खाडी ओलांडून, वाळू तुडवत सगळे या खडकांपर्यंत आले होते. मागे तिवरं, पुढे समुद्र. जागा अगदी मनासारखी होती.

"उलटं लावू," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

उलटी बाजू गुलाबी होती.

नाताळ नुकताच होऊन गेला होता. वारा बोचरा होता आणि सुंदराबाईंनी कंबर धरली होती. शेवटी मोर बाहेरच ठेवून तंबू उभा राहिला. समुद्रावरून तो किती लांबून दिसत असेल, याचा विचार करायचं रत्नप्रभाबाईंनी टाळलं. त्या दुर्बीण घेऊन तिवरांकडे तोंड करून बसल्या.

थोड्याच वेळात दुर्बिणीत हालचाल दिसली. अंजनाबाई नावाची एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन येत होती. तिच्यामागे पाच-सहा बायका होत्या.

"लगीन कोनाचा हाय?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही," रत्नप्रभाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मांडव तर परलाय."

"तो तंबू आहे. आम्ही कोल्हे बघायला आलोय."

अंजनाबाईने झालरीकडे पाहिलं, मग मोरांकडे. "कोल्ह्याचा लगीन ऊन-पावसात लागतंय, बाय. आज पाऊस कुठं हाय?"

मागच्या बायका हसल्या. अंजनाबाई मात्र हसली नाही. तिने चौघांना नीट न्याहाळलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. "मानसं येवरीच? पोरीकरचा कोनी नाय?" ती मागे वळून म्हणाली, "खंडूला सांगा गो, म्हावरा घेऊन ये. बाजावाल्यांना पन बोलवा. पोरीकरचे आपन."

"बाजा नको," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "अहो, आवाज झाला तर कोल्हा येणार नाही. आणि इथे नवरी कोण आहे, सांगा बघू?"

अंजनाबाईची नजर सुंदराबाईंवरून झटकन पुढे सरकली, हे सुंदराबाईंना फारसं आवडलं नाही. ती प्रेमावर थांबली.

"तुजा काय गो?"

बारा वर्षांपूर्वी प्रेमाचं लग्न नोंदणी कचेरीत झालं होतं. भिकाजी तेव्हा सुधारक होते. मांडव म्हणजे उधळपट्टी, असं त्यांनी तिच्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं. सह्या झाल्यावर साक्षीदारांसह सगळ्यांनी बटाटेवडा खाल्ला होता आणि भिकाजी दुपारी कामावर गेले होते.

प्रेमाने मोरांकडे पाहिलं. मग मनगटावरचा रुमाल सोडला.

"हो," ती म्हणाली. "माझं."

"अगं, आपलं झालंय," भिकाजी म्हणाले.

"लग्न झालंय. मांडव कुठे झाला होता? आणि आज तर तो तुम्हीच आणलात."

भिकाजींनी मदतीसाठी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. पण त्या प्रेमाकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत ही बाई अशी उजळलेली त्यांनी पाहिली नव्हती. टिटवाळ्याची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. त्यांनी दुर्बिणीवर झाकण लावलं.

"हळद आहे का कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

मग नियम एकामागोमाग मोडले. आधी वास आला, कारण खंडूने सरंगे आणि बोंबील आणले आणि खडकाआड तीन चुली पेटल्या. मग दोन कर्णे आणि एक ढोल आला. बायकांनी भिकाजींना पाटावर बसवून कानामागेसुद्धा हळद लावली. "मी सुधारक आहे हो," ते म्हणत होते. "मग बस ना सुधारून," असं म्हणत एकीने त्यांचं नाक पिवळं केलं. सुंदराबाईंनी कालवणाचं पहिलं ताट पुढ्यात ओढलं आणि "आज वार कुठला, ते मला कुणी सांगू नका," असं जाहीर केलं.

रात्री पाहुणे गेले तेव्हा खडकापाशी माशांच्या डोक्यांचा आणि काट्यांचा ढीग उरला होता. रत्नप्रभाबाई दुर्बीण उशाशी ठेवून झोपल्या.

पहाटे सुंदराबाईंनी त्यांचा खांदा दाबला. "रत्ना, ऊठ. आवाज करू नकोस."

झालरीखालून दोघींनी बाहेर पाहिलं. ढिगाशी दोन कोल्हे होते. पाय चिखलाने काळे झालेले, अंगावरचे केस थंडीने फुललेले. एकाने सरंग्याचं डोकं उचललं आणि तो मान वळवून मोरांकडे बघत उभा राहिला. रत्नप्रभाबाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली, पण तो इतका जवळ होता की दुर्बिणीत नुसतं धूसर तपकिरी दिसलं. त्यांनी ती खाली ठेवली. मागे पिवळ्या नाकाने भिकाजी घोरत होते, त्यालाही कोल्ह्यांची काही हरकत दिसली नाही.

"सकाळी सकाळी कोल्ह्याचं तोंड," सुंदराबाई पुटपुटल्या आणि त्यांनी हात जोडले.

"ते काट्यांसाठी आलेत, सुंदराबाई," रत्नप्रभाबाई कुजबुजल्या. "त्यांना वास लागला."

"वास लागू दे नाहीतर काही. पुढच्या वेळीही इथेच यायचं. येताना नारळ घेऊ."

"आणि टिटवाळा?"

"तिथे आपल्याला जावं लागतं," सुंदराबाई म्हणाल्या. "इथला जेवायला येतो."