जर्जर नसलेला छज्जा

शहराचा पाया कायद्यावर असतो आणि सभ्यतेचा पाया आपापलं घर नीट राखण्यावर. बालाघाटच्या आमच्या गल्लीत हा सगळा भार मनोहर वैरागडे काकाजींच्या टेपवर होता. टेप म्हणजे मोजायचा. तो कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे आणि चहाला बोलावलं तरी आत येण्याआधी ते यजमानाची पायरी मोजत.

काकाजी जंगल खात्यात बाबू होते. निवृत्त झाल्यावर त्यांना जंगल उरलं नाही, म्हणून त्यांनी गल्ली धरली. कोणाच्या गच्चीचं पाणी रस्त्यावर पडतं, कोणी नालीवर ओटा बांधला, कोणाची भिंत रंगावाचून काळी पडली, सगळं त्यांना पाठ. प्रत्येक गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असे, "हे नियमात बसते का बाप्पा?" उत्तर त्यांना ठाऊक असे. तरी ते समोरच्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय हलत नसत.

समोरच्या चौबेजींनी नवं घर बांधलं, त्याच्या गृहप्रवेशाला आम्ही सारे जमलो होतो. होमाचा धूर डोळ्यांत जात होता. पंडितजींनी शेवटचं "स्वाहा" म्हटलं आणि काकाजी उठून उभे राहिले.

"शांती झाली ना? चला, आता पायरी मोजू."

"काकाजी, पहले प्रसाद तो ले लो," चौबेजी म्हणाले.

"प्रसाद घेतो ना. पण पायरी रोडवर आली, त्याचं काय? हे नियमात बसते का बाप्पा?"

प्रसाद त्यांनी घेतला, दोनदा घेतला. पायरी मात्र राहिली. चौबेजींची वर ओळख होती आणि ओळख नियमात बसते.

काकू गेल्या तेव्हा त्याच पायरीपाशी तिरडी अडली. गल्ली आधीच अरुंद. खांदेकऱ्यांना तिरडी वळवता येईना. शेवटी एक बाजू उचलून, तिरपी करून, काकूंना काढावं लागलं. काकाजी मागे चालत होते, ते थांबले. चौबेजी हात जोडून उभे होते. काकाजींनी त्यांना पायरी दाखवली.

"पाह्यलं? काय म्हणत होतो मी?"

त्यांचा मुलगा नंदू हातात मडकं धरून पुढे होता. तो वळला. "बाबा, आज तरी गप्प राहा!" असं तो इतक्या मोठ्यानं ओरडला की रामनाम थांबलं. तेरवी आटोपून नंदू हैदराबादला गेला. तेव्हापासून त्याचा फोन येतो. "तब्येत ठीक ना? औषध घेता ना? ठेवतो." तो येत नाही.

या वर्षी पावसाळ्याआधी पालिकेची रिक्षा भोंगा लावून फिरली. ज्यांची घरं जर्जर असतील त्यांची तपासणी होणार होती. जर्जर हा आमच्याकडे फक्त घरांसाठी ठेवलेला सरकारी शब्द आहे. माणसांची तपासणी होत नाही.

पहिली तक्रार काकाजींनी केली, हे ऐकून कोणाला नवल वाटलं नाही. ती स्वतःच्याच घराविरुद्ध आहे हे कळलं तेव्हा मात्र गल्लीत जवळजवळ सण झाला. इंजिनियर आला तेव्हा आम्ही सगळे बघायला उभे. त्यानं लोखंडी सळईनं छज्जा ठोकला, खालून पाहिला, वरून पाहिला.

"काकाजी, ये तो एकदम पक्का है। इसको कुछ नहीं होगा।"

"नीट पाहा साहेब. इथं भेग आहे."

"वो तो पुताई की है, चूने की।"

"असू द्या ना. पण जर्जर लिहा. एक शब्द तर आहे."

"झूठ कैसे लिख दूँ? नियम में नहीं बैठता।"

गल्ली हसली. चौबेजी तर पायरीवर बसून हसले. काकाजी हसणाऱ्यांकडे न पाहता आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठोकण्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. काकाजी शिडीवर चढले होते. हातात सब्बल, लोखंडी पहार. डोक्याला दुपट्टा बांधलेला.

"काकाजी, काय करून राह्यले?"

"जर्जर करून राह्यलो."

"काहून? खाली उतरा आधी!"

ते उतरले, पण दम लागला म्हणून. मी पाणी दिलं. पेला हातात धरून ते छज्ज्याकडे पाहत राहिले.

"घर नंदूच्या नावावर आहे," ते म्हणाले. "मीच करून देल्लं. जर्जरची नोटीस मालकाले निघते. मालकाले स्वतः यावं लागते. कोणाले पाठवून चालत नाही. चौकशी केली मी."

"पण त्यासाठी घर कशाला पाडता? फोन करून बोलवा ना त्याला."

"बोलावू ना. पण कोणत्या नियमानं बोलावू?"

पाणी संपवून ते पुन्हा शिडी चढले.

छज्जा त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. लोखंड भरपूर, सिमेंटमध्ये लबाडी नाही. संध्याकाळपर्यंत फक्त प्लास्टर निघालं आणि ते सगळं रस्त्यावर पडलं. सकाळी पालिकेचे सफाई दरोगा फेरीवर आले, त्यांनी ढिगारा पाहिला आणि जागच्या जागी पुस्तकातून नोटीस फाडून दिली. काकाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. चष्मा आत राहिला होता, म्हणून माझ्यापुढे धरली.

"नाव वाचा. नंदूचं आहे ना?"

मी वाचलं. मनोहर वैरागडे.

रस्त्यावरच्या मलब्याची नोटीस मालकाला निघत नाही. जो घरात राहतो, त्याला निघते.