बारकू कंपाउंडरचा पेशंट

बारकू म्हात्रे भिंतीला स्टेथोस्कोप लावतो. आधी डोळे मिटतो, मग भिंतीवर बोटांनी टकटक करतो आणि आजूबाजूला कोणी बोलत असेल तर "गप रावा, पेशंट बोलतोय" म्हणून दटावतो. पेशंट म्हणजे आमच्या गावचा जुना धर्मादाय दवाखाना. चौलच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, चुन्याच्या भिंतींचा आणि कौलारू छपराचा. बारकूने तिथे जन्मभर कंपाउंडरकी केली. पुढे हमरस्त्यावर नवं आरोग्य केंद्र झालं, दवाखान्याला कुलूप लागलं, बारकू निवृत्त झाला. पण त्याच्या हिशेबी पेशंटला अजून डिस्चार्ज मिळालेला नाही.

त्याची एक केसपेपरांची वही आहे. "पश्चिमेची भिंत: ओल. उपाय: चुना, दोन हात. ओटीवरचा तिसरा खांब: सांधेदुखी. कोणी टेकू नये."

मी दवाखाना समितीचा अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापकाकडे गावात असली पदं आपोआप चालत येतात. दुरुस्तीच्या निधीसाठी मी सुवाच्य अक्षरात पुष्कळ अर्ज केले. निधी आला नाही, सिनेमावाले आले. रो-रो बोट सुरू झाल्यापासून त्यांना मुंबईहून व्हॅनसकट इकडे येणं सोपं झालं आहे, आणि आपल्याला जे पडकं वाटतं ते त्यांना देखणं वाटतं.

पहिल्या कंपनीने भाडं विचारलं. मी घसा साफ करून बोलणार, तोच बारकू मध्ये पडला.

"पैसे नको. पैसे पंचायतीत गेले की त्यांचा गटार होतो. कौलं द्या."

"काका, कौलं कुठून आणू मी?" मॅनेजर म्हणाला.

"अलिबागला मिलतात. टेम्पो मी सांगतो."

तिथून बारकूची पद्धत सुरू झाली. दवाखान्याला सिनेमात काय म्हणून दाखवणार, त्यावर डोस ठरायचा. पोलीस चौकी असेल तर एक खिडकी. गुंडांचा अड्डा असेल तर सागाची तुळई, कारण ती बदनामी. भूतबंगला असेल तर छपराची एक अख्खी बाजू. "पोरा मंग इथून जाताना पलतात. पेशंटच्या मनाला लागता ते." आणि सिनेमात लग्न होणार असेल तर सगळं फुकट, वर बारकूकडून पाच शहाळी.

यामुळे सिनेमांच्या गोष्टीच बदलू लागल्या. एका भयपटाच्या दिग्दर्शकाला कौलांचा आकडा ऐकून घाम फुटला. तो रात्रभर विचार करून सकाळी आला.

"काका, शेवटी भुताचं लग्न लावलं तर?"

बारकूने बराच वेळ विचार केला. "नवरी जित्ती हाय का?"

"आहे."

"मंग अर्धी कौलं."

त्याच भयपटाच्या वेळी कलाविभागाच्या माणसांनी दिवसभर खपून ओटीवर खोटी कोळिष्टकं लावली. पहाटे बारकू शिरस्त्याप्रमाणे आला आणि त्याने ती झाडून काढली. त्यांनी पुन्हा लावली. ते चहाला गेले, बारकूने पुन्हा काढली. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी एक माणूस राखणीला बसवला. बारकूने त्याच्याच हातात दुसरा झाडू दिला.

एक नामांकित नायक तिसऱ्या खांबाला टेकून संवाद म्हणू लागला, तेव्हा कॅमेरा चालू असताना बारकू चौकटीत शिरला आणि त्याने नायकाचा दंड धरून त्याला हळूच सरळ उभं केलं. "टेकू नका सायेब. त्याचे सांधे दुखतान." नायक पुढचा तासभर व्हॅनमधून उतरला नाही. बारकू म्हणाला, "बरा झाला. दोघांनाबी आराम."

अशा रीतीने चार वर्षांत छप्पर पुरं झालं, खिडक्या आल्या, ओटी सरळ झाली. लोक मला म्हणत, गुरुजी, तुम्ही दवाखाना उभा केलात. मी मान हलवत असे. नाही म्हणायला हवं होतं. पण याहून मोठी गोष्ट पुढे घडली, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

बारकू भाचीच्या लग्नाला किहीमला गेला होता. जाताना दवाखान्याची चावी माझ्याकडे देऊन गेला आणि तीनदा बजावून गेला, "भिंतीला चुन्याबिगर काय लावू देऊ नका." दुसऱ्या दिवशी एक जाहिरातवाली कंपनी आली. त्यांना अख्खी इमारत गुलाबी हवी होती. स्वतःच्या खर्चाने ऑइलपेंट देतो म्हणाले, भिंती धुता येतील. वर त्यांना ओटीवर बसायला एक आजोबा हवे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यावर फेटा होता आणि चावी त्यांच्या हातात.

रंग झकास दिसला. माझा फोटोही. बारकू परत आला, त्याने माझ्याकडून चावी घेतली, भिंतीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाला, "गुरुजी, हिचा श्वास कोंडला."

चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडावी लागते. वर ऑइलपेंट बसला की ती आतच राहते. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत भाकरीसारखी फुगली आणि गिलावा धाडकन ओटीवर आला.

ग्रामसभेत सरपंचबाईंनी विचारलं, "रंग लावायला आत कोणी सोडलं?"

मी उठलो आणि म्हणालो, "चावी बारकूकडे असते."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं वाईट होतं. सगळ्यांच्या माना बारकूकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, खाल्ले असतील पैसे. बारकूने माझ्याकडे एकदा पाहिलं, चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर दोन वर्षं तो आत गेला नाही. रोज सकाळी बाहेर उभा राहून पत्र्याच्या तुकड्याने गुलाबी रंग खरवडायचा. जाणारे-येणारे म्हणायचे, भोग आता. मी त्या वेळात समुद्राकडून फिरायला जाऊ लागलो.

परवाच्या ग्रामसभेत मी अखेर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फेट्यासकट. माझ्या सुनेने पदर तोंडाला लावला. सरपंचबाईंनी चावी बारकूला परत द्यायची म्हणून माझ्याच हातात ठेवली. बारकू सभेला नव्हता. त्याने गावच्या सभेला येणंच सोडलं आहे. मी त्याच्या घरी गेलो.

तो ओट्यावर पायांवरचा गुलाबी रंग रॉकेलने पुसत होता. मी चावी पुढे केली. माफी मागायला वाक्यं जुळवून नेली होती, ती राहिली बाजूला. शेवटी एवढंच विचारलं, "तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोलून काय व्हयल?" तो चिंधी पिळत म्हणाला. "तुमच्या घरान आठ मानसा. सून शालेन शिकवते, नातू तिथंच शिकतान. सगल्यांना खाली मान घालून चालाया लागला असता. माज्या घरान मी एकला. एका मानसाचा भागून जाता."

मी ओट्याच्या कडेवर बसलो. तो उठून आत गेला. भांड्यांची खुडबूड बराच वेळ ऐकू येत राहिली.

"गुरुजी, बसा," आतून आवाज आला. "च्याय टाकतो. दुसरा कप कुठं ठेवलाय त्यो सापडना. जरा येल लागंल."