शेवंतीची गळाभेट

अंगणात धप्पकन आवाज झाला, तशा मैनाबाई तव्यावरची भाकर तव्यावरच सोडून दारात आल्या. त्यांचे यजमान खुशालराव मातीत उताणे पडले होते. त्यांच्या छातीवर नाक टेकवून शेवंती फुरफुरत होती आणि खुशालराव हसत होते.

"पाह्य, पाह्य! कशी गळ्यात पडते!"

"गळ्यात नाई, उरावर पडून राहिली थे," मैनाबाई म्हणाल्या. "घोडी हाय म्हनलं. पोट्टी नाई."

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे खुशालरावांचा फुलांचा मळा. मळ्यात झेंडू आणि शेवंती, आणि दावणीला ही दुसरी शेवंती. तिची आई तिला जन्म देताच गेली. खुशालरावांनी शिंगराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मळ्यातून आले की ते दोन्ही हात पसरायचे, "ये माय!" म्हणायचे, आणि ते एवढंसं शिंगरू मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही खूर त्यांच्या खांद्यांवर ठेवायचं. मग गुळाचा खडा. गाव बघायला यायचं. बाया मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या. त्या कौतुकात शिंगराची घोडी कधी झाली हे खुशालरावांच्या लक्षातच आलं नाही. शेवंतीच्या तर नाहीच नाही.

धाकटी मुलगी रागिणी अकोल्याला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. ती सुट्टीवर आली ती नेमकी ही गळाभेट चालू असताना. तिनं हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"बाबा, हे कवापासून चालू हाय?"

"लहानपनापासून. अवं, लाड करते थे माह्या!"

"मान मोडन तुमची एखाद्या दिवशी. आन् तिची काही चूक नाई त्याच्यात. तिले वाटते आपून अजून बकरीएवढ्याच हाओ. उद्या कोनाचं लेकरू असे हात पसरून समोर आलं त?"

खुशालरावांनी लेकराचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून रागिणीनं शेवंतीला हाती घेतलं. ना चाबूक, ना आरडाओरडा. लांब दोरी ढिली धरून ती उभी राहायची. शेवंतीनं पुढचे पाय उचलले की ही पाठ फिरवून बाजूला व्हायची, जणू काही झालंच नाही. चारी पाय जमिनीवर टेकून उभी राहिली की मानेच्या बुडाशी खाजवायची आणि हळू आवाजात बोलायची. दमली की थांबायचं, कंटाळली की सोडून द्यायचं. खेळ म्हणून एक मोठा रबरी चेंडू आणून दिला. तो शेवंती नाकानं ढकलत अंगणभर हिंडायची.

"एकच गोष्ट पाळाची," रागिणीनं जेवताना सगळ्यांना बजावलं. "तिले गळ्यात कोनी घ्याचं नाई. एकदाबी नाई. एकानं जरी लाड पुरवला त तिले समजत नाई का खरं काय. मंग सगळं पयलेपासून."

"बरोबर हाय," खुशालराव सगळ्यात मोठ्यानं म्हणाले. "आपल्या घरी असं कोन करते?"

आता हा माणूस खोटं बोलणारा नव्हता. बोलला तेव्हा त्यानं ते मनापासूनच म्हटलं. पण पहाटे फुलं तोडायला जाताना दावणीजवळून वाट. शेवंतीनं मान वळवून पाहिलं, हलकेच खिंकाळली, आणि खुशालरावांना वाटलं, हिला काय वाटत असेल? बाप बदलला? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आजच्यापुरतं," असं पुटपुटले आणि हात पसरले. खिशात गुळाचा खडा होताच. तो कसा आला, याचा विचार त्यांनी केला नाही.

आजच्यापुरतं हे रोजचं झालं. संध्याकाळी शेवंती शहाण्यासारखी उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रागिणीच्या अंगावर झेप. पोरगी रडकुंडीला आली. एकदा ओट्यावर बसून ती कॉलेजातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "काय चुकून राहिलं समजत नाई गं नीलम. पुस्तकात आहे तसंच करून राहिली मी. मलेच जमत नसन." आत जेवायला बसलेल्या खुशालरावांनी मोडलेली भाकर ताटात ठेवली. उद्यापासून बंद, असं त्यांनी ठरवलं. पण उद्या पहाटे शेवंती पुन्हा खिंकाळली.

मध्ये भाच्याच्या साखरपुड्यासाठी खुशालराव अमरावतीला गेले आणि तिथं दोन-तीन दिवस मुक्काम पडला. परत आले तर रागिणी फाटकापर्यंत धावत आली. "बाबा, पाहा तं खरं!" शेवंती ढिल्या दोरीवर, चारी पाय टेकून, देवळापुढच्या दगडी हत्तीसारखी उभी होती. रागिणी जवळ गेली, लांब गेली, हात वर केला, खाली केला. शेवंतीनं फक्त कान हलवले.

"कालपासून अशीच हाय! एकदम समजलं तिले!"

एकदम कशामुळे समजलं ते खुशालरावांना बरोबर समजलं. मान खाली घालून ते पाय धुवायला गेले. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, दुसऱ्या पहाटे त्यांनी हात पसरलेच. इतक्या दिवसांनी भेट होती.

त्याच दिवशी सकाळी अकोटहून किसनराव आले. किसनराव म्हणजे थोरली मुलगी गीतांजली हिचे सासरे, खुशालरावांचे इवाई. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. ते बसले की खुर्चीसुद्धा सावरून बसल्यासारखी वाटायची. नव्या घराच्या वास्तूचं बोलावणं करायला ते ऑटोनं फाटकाशी उतरले. रागिणी अंगणाच्या फाटकाकडच्या टोकाला शेवंतीची दोरी धरून उभी होती.

इवाई दिसताच खुशालराव ओट्यावरून खाली आले आणि आनंदानं त्यांनी दोन्ही हात पसरले.

"या, या इवाईबुवा!"

शेवंतीनं पाहिलं. आज पहाटेसुद्धा असेच हात होते. रागिणीच्या हातातून दोरी सर्रकन गेली. खुशालराव आणि शेवंती यांच्या मध्ये पाठमोरे किसनराव होते, पण तेवढ्यासाठी थांबण्याइतका शेवंतीचा विचार पक्का झालेला नव्हता. तिनं पुढचे दोन्ही खूर प्रेमानं किसनरावांच्या खांद्यांवर ठेवले.

किसनराव पुढे झुकले, गर्रकन फिरले, आणि गाईंसाठी भिजत घातलेल्या सरकीच्या ढेपीच्या, म्हणजे पेंडीच्या, मोठ्या घमेल्यात बसले. चांगले रुतून बसले. शेवंतीनं त्यांच्या कमरेच्या बाजूनं तोंड घालून ढेप खायला सुरुवात केली.

"ढेप खाऊ देऊ नोका!" रागिणी ओरडत आली. "पोट दुखन!"

"माह्यं?" किसनराव म्हणाले.

"घोडीचं!"

हे बोलून गेल्यावर रागिणीनं जीभ चावली. पण तेवढ्यात ऑटोवाल्यानं घाबरून हॉर्न दाबला. शेवंती उधळली ती दोरीसकट झेंडूच्या वाफ्यांतून. खुशालराव तिच्यामागे "ये माय, ये माय" करत धावले आणि मैनाबाई त्यांच्यामागे, "इवाईले पयले उठवा ना!" म्हणत. शेजारचे जानराव कुंपणावरून पाहत होते. त्यांना हसू आवरेना, म्हणून ते कुंपणापलीकडे खाली बसले. त्यांचं हसू तिथूनही ऐकू येत होतं.

दवाखान्यात जाऊन फोटो काढला. हाड शाबूत होतं, खांदा लचकला होता. उजवा हात गळ्यात बांधून किसनराव खुशालरावांकडे परत आले आणि बैठकीत बसले. धोतर-शर्टाला ढेपीचा वास लागलेला, म्हणून अंगावर खुशालरावांचे कपडे. किसनराव उंच. पायजमा पोटऱ्यांवरच संपला होता.

"हे जनावर कोनं शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"म्या," रागिणी पुढे आली. "माफ करा मामाजी. माह्यीच चूक हाय."

"डॉक्टरकी शिकून राहिली ना तू?"

"विकून टाका," किसनराव खुशालरावांकडे वळले. "आज मी होतो, म्हनून खांद्यावर निभलं. ढोरं वळवनं पोट्टीच्या हातचं काम नाई."

आपण आता बोलायचं, असं खुशालरावांनी ठरवलं. त्यांनी तोंड उघडलं.

"चहा टाकाले सांगू काय?"

"घेतला ना आताच."

"मामाजी बरोबर म्हनतात बाबा," रागिणी म्हणाली. "मले जमत नाई. काल वाटलं जमलं, आन् आज पाहा. त्या जागी एखादं लेकरू असतं त दबून मेलं असतं. द्या विकून. आन् मी बी इचार करून राहिली, हे शिकाचं का नाई पुढं."

खुशालरावांनी पुन्हा तोंड उघडलं. "पंखा वाढवू काय?" असं ते म्हणणार होते. पण पोरीनं ओढणीनं डोळे पुसले, आणि पंखा घशातच राहिला.

"थे म्या केल्लं," ते म्हणाले.

"काय?" मैनाबाई.

"पोट्टीची काही चूक नाई. थे बरोबर शिकवते. मी पहाटे मोडतो. जाता जाता गळ्यात घेतो शेवंतीले. आजबी घेतलं." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होते. "गूळ देतो."

"म्हनून डब्यातला गूळ सरते!" मैनाबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् मी मुंग्याइले शिव्या देऊन राहिली!"

रागिणीनं एवढंच विचारलं, "रोज?"

"रोज नाई." खुशालरावांना खरं सांगायचं होतं. "अमरावतीले गेलतो तवा नाई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि चपला घालून अंगणात गेली. मैनाबाईही नवऱ्याकडे एकदा पाहून तिच्यामागे गेल्या. बैठकीत दोन इवाई उरले. खुशालरावांना वाटलं, त्या ढेपीच्या घमेल्यात जाऊन बसावं आणि वरून कोणीतरी झाकण घालावं.

किसनराव खाकरले.

"आमच्या घरी कुत्रं हाय. शेरू."

"हो का," खुशालराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

"जेवाले बसलं का ताटात तोंड घालते. मांगच्या आठवड्यात पाहुन्याच्या हातातली पोळी ओढली, बोट फोडलं त्याचं."

"कोनं लावली सवय?"

"सूनबाईनं. असं घरी सगळे म्हनतात." किसनराव थांबले. "म्हंजे, मीच म्हनतो."

सूनबाई म्हणजे गीतांजली. खुशालरावांनी मान वर केली. "आन् खरं?"

किसनरावांनी गळ्यात बांधलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "टेबलाखालून मी देतो. याच हातानं."

खुशालरावांना राग आला. आपल्या पोरीवर आळ! ते ताडकन उठलेसुद्धा. आणि मग अंगणातली दुसरी पोरगी त्यांना खिडकीतून दिसली, तसे ते परत खाली बसले. आपण कोणत्या तोंडानं बोलणार?

"सांगून टाका इवाईबुवा," ते शेवटी म्हणाले. "लय खराब वाटते सांगताना. पन सांगून टाका."

किसनरावांनी डाव्या हातानं कसाबसा फोन लावला. डाव्या हातानं नीट धरता येईना, म्हणून स्पीकर चालू करून मांडीवर ठेवला. पलीकडे त्यांच्या पत्नी सुंदराबाई होत्या. खांदा कसा लचकला ते आधी सांगावं लागलं. मग किसनराव मुद्द्यावर आले.

"हे पाह्य, त्या शेरूले पोळी मी देत होतो. सूनबाई नाई."

"मालूम हाय," सुंदराबाई म्हणाल्या.

"कोनाले मालूम हाय?"

"सगळ्याइलेच. पोरालेबी, मलेबी. टेबलाखाली काय अंधार हाय का? गीतांजलीनंच सांगतलं होतं आमाले, मामाजीइले काही म्हनू नोका, या वयात लाजतीन थे. माह्यावर येते त येऊ द्या म्हने."

किसनरावांनी फोन बंद केला. ताठ बसायची त्यांची सवय, पण आता ते पाठ टेकून बसले, आणि त्या आखूड पायजम्यात एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

"चांगली पोरगी देल्ली तुमी आमाले," ते म्हणाले. बोलावण्याची पत्रिका काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात होती, आणि ती ढेपीत भिजली होती. "वास्तूले या. सगळे या. मी सगळ्याइसमोर सांगीन तिले."

खुशालराव अंगणात आले. रागिणीनं शेवंतीला परत आणून तिच्या पायांवरून हात फिरवून पाहिलं होतं. कुठं खरचटलं नव्हतं. ती शेवंतीच्या मानेच्या बुडाशी खाजवत होती, आणि तिनं वडिलांकडे बघितलं नाही.

"तुलेबी मालूम होतं काय?" खुशालरावांनी घाबरत विचारलं. "मी पहाटे..."

"मालूम असतं त दोरी तुमाले बांधली असती."

मग तिनं ती दोरी त्यांच्या हातात दिली. "घ्या. ढिली धरा. हात खाली. आन् काही बोलू नोका तिच्याशी."

खुशालराव उभे राहिले. शेवंती जवळ आली, त्यांच्या खिशाचा वास घेतला, तोंडाकडे पाहिलं, पुढचा एक पाय उचलला. त्यांच्या हातांना पसरायची भयंकर सवय होती. त्यांनी पाठ फिरवली. पाठ फिरवल्यावर समोर बैठकीची खिडकी होती, आणि खिडकीत एका हातानं पडदा सारून किसनराव बघत होते. खुशालरावांचे डोळे भरले होते, ते पुसायला हात वर न्यायचीही चोरी होती, म्हणून ते तसेच उभे राहिले.

"फिरा आता," रागिणी मागून हळूच म्हणाली. "चारी पाय टेकले तिनं."